टप्प्यावरचा पाळणा

तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं. बाकी सगळीकडे ती डबलबेल. शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून तिनं उभं आयुष्य उभ्यानंच काढलं. एक घंटा मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की सुटते, हा धंद्यातला नियम तिनं घरीही आणला होता. जेवणं झाली की ताटावर चमचा दोनदा वाजायचा, म्हणजे उठा आता, भांडी घासा. नवरा पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीत, जात्याच हळू. तो म्हणायचा, हिचं डोकं उशीला टेकलं तरी पाय पुढच्या थांब्याकडे निघालेले असतात.

आवाज तर असा, की तळमजल्यावरून हाक मारली तर चौथ्या मजल्यावरच्या माणसानं आधी 'ओ' द्यावी आणि मग जागं व्हावं.

या बाईनं इमारतीला एक सवय लावली होती. चार मजले, लिफ्ट नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मधोमध जिना वळतो तिथं एक ऐसपैस टप्पा. खिडकीखाली बसायला कट्टा. त्या टप्प्यावर कुणी काही ठेवलं, की ते दिलं. ज्याला हवं त्यानं उचलावं. कुणी उचललं ते विचारायचं नाही, कुणी ठेवलं ते शोधायचं नाही, आभार मानायचे नाहीत आणि परत मागायचं तर मुळीच नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते डेपोतल्या सापडलेल्या वस्तूंच्या खोलीमुळे. बसमध्ये राहिलेलं सगळं कंडक्टरनं तिथं जमा करायचं. छत्र्या, डबे, पोरांचे बूट, एकदा तर अख्खी सतरंजी. मालक आला तर त्यानं ओळख पटवायची, सही करायची, साहेब जागेवर नसेल तर उद्या यायचं. म्हणून कुणी येतच नसे. छत्र्या गंजायच्या, बूट कडक व्हायचे, आणि बाहेर भिजत उभ्या असलेल्या माणसाला त्यातली एक छत्री द्यायची सोय नव्हती. डबलबेलचा जीव तुटायचा. चौकशीनं चांगल्या वस्तूचा कचरा होतो, ही गोष्ट तिच्या डोक्यात तेव्हा पक्की बसली. लग्न होऊन या इमारतीत आली, मुलगा झाला, त्याचे पाय भराभरा वाढले, तेव्हा तिनं त्याचे बूट पुसून टप्प्यावर ठेवले. दुपारी बूट गेले. संध्याकाळी तिथं कुणीतरी एक चाळणी ठेवलेली होती.

सुरुवातीला लोक लाजायचे. अंधार पडल्यावर ठेवायचे, कुणी नाही बघून उचलायचे. मग हळूहळू ते अंगवळणी पडलं. बाजारात जायच्या आधी पाय आपोआप टप्प्यावर थबकायचा. पोरं जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या नव्या वह्या शिवून ठेवायची. वस्तू पुढे जाणार म्हटल्यावर लोक ती जपूनही वापरू लागले. फाटकं ठेवलं तर इमारतीत छी-थू व्हायची. मधे एकदा कुठल्याशा संस्थेची माणसं येऊन दारावर 'कमी वापरा, पृथ्वी वाचवा' असा फलक लावून गेली. फलकाला कुणी नावं ठेवली नाहीत. चार दिवसांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एका पोराचा भूगोलाचा नकाशा निघाला.

नियमाला मात्र डबलबेल तिकीट तपासनिसासारखी कडक. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी बाजारातून येताना नवाकोरा रेनकोट टप्प्यावर ठेवला, पिशवीची गाठ सोडली, तेवढ्यात रेनकोट गेला. बाई रडकुंडीला आल्या. डबलबेल म्हणाली, "ठेवला ना? मग दिला." पुढे त्या इमारत सोडून गेल्या तेव्हा म्हणे रिक्षात बसता बसता एकच वाक्य बोलल्या: तुझ्यावर वेळ येईल तेव्हा बघू.

वेळ आली, आणि आली ती आनंदाच्या भरातच.

डबलबेलच्या सुनेचे दिवस भरत आले होते. डबलबेलच्या नणंदेच्या घरी सागवानी पाळणा होता, स्टँडसकट, चार खांब आणि प्रत्येक खांबावर लाकडी लट्टू. त्यात डबलबेलचा नवरा झोपला, त्याच्या आधी नणंद झोपली, मग पुढची सगळी पोरं. पाळणा घराण्याचा, पण ताबा नणंदेचा. नणंद म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेली मेट्रन. तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा हात मागे बांधून उभे राहायचे. पाळणा देताना तिनं खांबांवरून हात फिरवला आणि बजावलं, वहिनी, बाळ घरी येईल त्या दिवशी मी येणार. बाळाला यात मी निजवणार. एक लट्टू हलला तरी मला कळतं.

टेम्पो करून डबलबेलनं पाळणा आणला. टेम्पोवाल्यानं आणि तिनं मिळून तो टप्प्यापर्यंत चढवला, तेवढ्यात खाली कुणाच्या तरी गाडीनं हॉर्नवर हॉर्न लावला, म्हणून टेम्पोवाला गाडी काढायला पळाला. ही कट्ट्यावर बसून दम खात होती. घर तिसऱ्या मजल्यावर, अजून वळणं बाकी. आणि फोन वाजला. मुलगा. आवाज असा फुटलेला, की तिला आधी वाटलं काहीतरी वाईट झालं. मग शब्द कानात शिरले. मुलगी झाली आई, दोघी बऱ्या आहेत, तू लगेच ये.

पुढचं तिला आठवत नाही. जिना उतरल्याचं आठवत नाही. रस्त्यावरून चाललेली बस तिनं थांब्यावर नसताना हात दाखवून थांबवली. तिच्याच डेपोची बस. ड्रायव्हरला म्हणाली, मधे कुठं रेंगाळू नकोस, मला नात झालीय. सगळी बस हसली. म्हाताऱ्या प्रवाशांनी तिला बसायला जागा दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती चालत्या बसमध्ये बसली. नातीचं नाक बघितलं, बोटं मोजली, सुनेच्या केसांवरून हात फिरवला. रात्र तिथंच बाकड्यावर काढली. पाळणा? पाळणा डोक्यातून असा गेला होता, जसा कधी आणलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली. जिना चढता चढता वळणावर पोचली आणि तिचा पाय हवेतच राहिला.

टप्पा रिकामा. झाडून पुसून लख्ख.

तिनं वरच्या पायऱ्या बघितल्या, खालच्या बघितल्या. मग घरात जाऊन नवऱ्याला हलवून उठवलं. तो म्हणाला, मी आलो तेव्हाही तिथं काही नव्हतं. तिनं सगळं सांगितल्यावर तो उठून बसला आणि हसायला लागला. पोट धरून हसला. हळू माणूस, पण हसायला लागला की थांबायला त्याला पुढचा थांबा लागायचा.

"हसताय काय?" ती म्हणाली. "परवा वन्सं येणार आहेत."

मग त्याचंही हसू आटोपलं.

तो म्हणाला, जाऊन विचार की सगळ्यांना. ती म्हणाली, कुठल्या तोंडानं? इतकी वर्षं लोकांना सांगितलं, विचारायचं नाही. मुलाला फोनवर कळलं तर तो म्हणाला, आई, मी ऑनलाइन मागवतो, उद्या दारात येईल, गाणी म्हणणारा पाळणा असतो आता. तिनं फोनच ठेवला. प्लॅस्टिकचा गाणारा पाळणा घरात आला, तर वन्सं आधी पाळण्याला गप्प बसवतील आणि मग तिला.

पण डबलबेल हातावर हात धरून बसणारी नव्हे. नात झालीय, तर मिठाई वाटायला हवी. मिठाई वाटायची तर घराघरात जायला हवं. आणि घरात गेलं, की डोळे काही कुणी बांधून ठेवलेले नसतात. तिनं ठेवणीतली साडी नेसली, खोका घेतला आणि तळमजल्यापासून सुरुवात केली.

तळमजल्यावर रंगारी. अंगभर रंगाचे ठिपके, घरभर डबे. जमिनीवर अंथरलेलं कापड बघून ती चमकली. तो तिचाच जुना पडदा होता. त्याच्या बायकोनं तोंडभरून अभिनंदन केलं, बाळ कुणावर गेलंय विचारलं. डबलबेल उत्तर देता देता मान लांब करून आतल्या खोलीत बघत होती. पाळणा नव्हता. तिथली पोरं ज्या टेबलावर अभ्यास करत होती, ते मात्र तिनं तिसऱ्याच कुणाच्या घरात पाहिल्याचं तिला आठवत होतं.

पहिला मजला झाला. दुसऱ्यावर घड्याळवाले काका, एकटे, सडे. भिंतभर घड्याळं, सगळी वेगळी वेळ दाखवणारी. काकांनी मिठाईचा तुकडा तोंडात टाकला, डोळ्याला भिंग लावलं आणि शांतपणे बघत राहिले. डबलबेल ओणवी होऊन त्यांच्या खाटेखाली बघत होती.

"काय हरवलं?" काकांनी विचारलं.

"मांजर."

"तुमच्याकडे मांजर कधीपासून?"

"कालपासून," ती म्हणाली आणि खोका बंद करून सटकली.

या धावपळीत तिच्या एक गोष्ट लक्षात येत होती आणि तिचा ऊर भरून येत होता. घर कुठलंही असो, काहीतरी ओळखीचं होतंच. तिच्या मुलाची तीनचाकी, जिचं आता चौथं पोर मालक होतं. कुणाच्या छत्रीच्या कापडाचा शिवलेला झोळा. कुणाचा कान तुटलेला आणि मग चिकटवलेला कप. इमारतभर एकच मोठं घर पसरलंय आणि माणसं फक्त खोल्या वाटून राहतायत, असं तिला वाटायला लागलं. पाळण्याची काळजी आणि हा आनंद, दोन्ही घेऊन ती पुढची दारं ठोठावत होती.

चौथ्या मजल्यावर बेकरीवाला राहायचा, नवीनच आलेला. पहाटेपर्यंत भट्टीवर, दिवसा घरी. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं. तिचे डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, पण चेहऱ्यावर असं हसू, जणू तिला लॉटरी लागली होती. तिनं डबलबेलचा हात धरून तिला आत नेलं.

खोलीच्या मधोमध पाळणा. चारही लट्टू जागच्या जागी. आत पाच महिन्यांची जुळी, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे, पायांत पाय अडकवून गाढ झोपलेली.

"दोघं एका वेळी कधी झोपलीच नव्हती, मावशी," ती कुजबुजली. "एक झोपला की दुसरा उठायचा. आम्ही नवराबायको पाच महिने पाळ्या लावून जागतोय. काल टप्प्यावर हा दिसला. मला वाटलं, कुणी ठेवला असेल त्याच्या पाया पडावं. पण इथं आभार मानत नाहीत म्हणे."

डबलबेलनं मिठाईचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.  नात झाल्याचं सांगितलं, जपून राहा म्हणाली आणि बाहेर आली. सगळ्या शहराला 'पुढे सरका' म्हणणारी बाई, पण तिचा स्वतःचा एक शब्द पुढे सरकेना.

पुढचा सबंध दिवस ती घरात येरझाऱ्या घालत होती. नवरा म्हणाला, बेकरीवाला सज्जन आहे, हळूच जाऊन सांग, तो लगेच देईल, कुणाला कळणारही नाही. हेच तिला लागलं. हळूच? कुणाला न कळता? रेनकोटवाल्या बाईला तिनं चारचौघांत सुनावलं होतं. तिकीट न काढता बसलेल्या माणसाला ओळखीचा म्हणून तिनं कधी सोडलं नाही, मग स्वतःला कशी सोडणार? नियम मोडायचाच तर सगळ्यांसमोर मोडायचा.

नात घरी यायची होती ती सकाळ सुट्टीची होती. इमारत घरातच. डबलबेल टप्प्यावर उभी राहिली आणि तिनं आपला खास कामावरचा आवाज काढला. दारं उघडली. कठड्यांवरून डोकी लोंबली. ती म्हणाली:

"ऐका. तीन दिवसांपूर्वी इथं एक पाळणा होता. तो मी दिला नव्हता. दमले म्हणून टेकवला आणि आनंदात विसरले. ज्यानं नेला त्याची काही चूक नाही. त्यानं तो परत द्यावा असंही मी म्हणत नाही. पण तुम्हाला इतकी वर्षं 'ठेवलं ते दिलं' म्हणून ऐकवलं, ते माझं चुकलं. ठेवणं आणि विसरणं वेगळं असतं. रेनकोटवाल्या बाईंचंही माझ्याकडून चुकलं. बास."

 मग तळमजल्यावरून रंगाऱ्याचा आवाज आला, थोडा चाचरत.

"म्हणजे... माझी शिडी पण विसरलेलीच होती."

"कुठली शिडी?"

"ॲल्युमिनियमची. बुटाची नाडी बांधायला टेकवली होती. तुमच्या माळ्याला लावलेली असते ती."

डबलबेलनं वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरून नवऱ्यानं मान काढली, लगेच आत घेतली.

आणि मग जो गोंधळ सुरू झाला त्याला तोड नाही. घड्याळवाले काका म्हणाले, माझा जेवणाचा डबा असाच गेला, आत भाजी होती. पहिल्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली, माझ्या तपासायच्या पेपरांची पिशवी. पेपर दारात परत आले, पिशवी नाही आली. कुणाची सायकलची टोपली, कुणाचा चष्मा, कुणाची सासूबाईंची काठी, सासूबाई त्या दिवशी वर नुसत्या भिंतीला धरून चढल्या होत्या. इतकी वर्षं जो तो आपली चूक गिळून बसलेला. आता एकमेकांना सांगता सांगता लोक हसून भिंतीवर कोसळत होते, 'तो तूच का चोरा' म्हणत पाठीत धपाटे घालत होते. जिन्यातून वस्तूंचा लोंढा सुरू झाला. खालचं वर, वरचं खाली. डबा आला. काठी आली. नवऱ्यानं मान खाली घालून शिडी आणली आणि रंगाऱ्यानं ती अशी मिठीत घेतली, जशी पळून गेलेली बायको परत आली. त्याची खरी बायको म्हणाली, आता घरात दोन शिड्या झाल्या, झोपायचं कुठं?

डबलबेल मात्र टप्प्यावर मटकन बसली. डोळ्यांदेखत सगळं मोडत होतं. आता प्रत्येक वस्तूमागे 'ही कुणाची' आलं, 'खरंच दिली का' आलं. डेपोतली ती खोली जणू जिना चढून घरी आली होती.

तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली. पुढच्या सीटवरून मुलगा उतरला, मागून सून, कुशीत नात, आणि सगळ्यांच्या मागून, कडक इस्त्रीच्या साडीत, वन्सं. अंगणाच्या मधोमध पाळणा उभा होता. बेकरीवाल्याला वरून सगळं ऐकू गेलं होतं. भल्या माणसानं एक शब्द न बोलता झोपेतली पोरं उचलून बायकोकडे दिली होती आणि पाळणा, वस्तूंच्या त्या लोंढ्यातूनच, एकट्यानं चार मजले उतरवून मालकिणीसाठी आणून ठेवला होता. स्वतः बाजूला गुन्हेगारासारखा उभा.

"हा इथं खाली काय करतोय?" वन्संनी विचारलं.

एकाच वेळी सातजण बोलले. शिडी, रेनकोट, मांजर, जुळी, सगळं एकदम वन्संच्या अंगावर आदळलं. त्यांनी हात वर केला. इस्पितळाचा वॉर्ड शांत व्हायचा तसं अंगण शांत झालं. आणि त्या शांततेत चौथ्या मजल्यावरून दोन पोरांचं रडणं ऐकू आलं, एकाला एक लागून, गळा काढून.

डबलबेल खाली आली होती. तिनं लपवलं नाही. टप्प्यावर टेकवला, विसरले, चूक माझी. पाळणा सापडलाय, लट्टू मोजून घ्या, आता तुम्ही म्हणाल तसं.

वन्संनी तोंड उघडायच्या आत सून बोलली. आल्यापासून सुनेकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"मला एक सांगायचंय. ही माझ्याजवळ झोपणार आहे. रात्रीतून इतक्या वेळा पाजायचं, मी उठून पाळण्यापाशी कुठं जाऊ? पलंगाला फळी पण लावून घेतलीय आम्ही." मग जरा थांबून म्हणाली, "पाळणा हवा का, हे मला कुणी विचारलंच नाही."

 डबलबेल आणि वन्सं, दोघींनी मिळून महिनाभर पाळण्याचा घोळ घातला होता. ठरवणं, पुसणं, टेम्पो, अटी. आणि ज्या बाईच्या मुलीसाठी हे सगळं, तिला विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. आधी डबलबेलला हसू फुटलं. वन्संनी आवरायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या आणि त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

वर रडणं चालूच होतं. वन्संनी कान दिला.

"हे भुकेचं नाही," त्या म्हणाल्या. "हे झोपमोडीचं आहे. कुणी उठवलं पोरांना?" आणि बेकरीवाल्याकडे वळून, "तू? झोपलेली पोरं उचलतात का रे? अक्कल भट्टीत ठेवून आलास?"

बेकरीवाल्यानं मान हलवली. वन्संनी त्याला अटी ऐकवल्या. पाळणा त्याच्या पोरांना, ती त्यात मावेनाशी होईपर्यंत. दर आठवड्याला त्या स्वतः येऊन बघणार. ओलं कापड खांबावर टाकायचं नाही. त्यानंतर पाळणा कुठं जायचा ते त्या, वहिनी आणि त्याची बायको, तिघी मिळून ठरवणार. बेकरीवाला म्हणाला, आभार मानले तर चालेल का. वन्सं म्हणाल्या, न मानून बघ.

मधे घड्याळवाले काका पुढे झाले. त्यांचं म्हणणं, टप्पा बंद करायची काही गरज नाही. बसमध्ये जागा धरायला लोक रुमाल टाकतात; तसा, नुसतं टेकवलं असेल तर वर रुमाल टाकावा. रुमाल नसेल तर दिलं. डबलबेलनं नोकरीभर ज्या रुमालांशी भांडण केलं होतं, त्यांचं नाव ऐकून तिच्या कपाळाला आठी पडली. पण मान डोलली. रंगाऱ्यानं तर तेवढ्यात शिडी नेऊन टप्प्यावर उभी केली, बिनरुमालाची, आणि डबलबेलच्या नवऱ्याकडे न बघता खाली निघून गेला.

सून नातीला घेऊन वर गेली, मुलगा पिशव्या घेऊन मागे. पाळणा उचलायला बेकरीवाला सरसावला, पण वन्संनी त्याला आधी वर पिटाळलं, पोरांना थोपटायला. मग पदर खोचला.

"धर वहिनी तिकडून."

"वन्सं, तुम्ही कशाला?"

"मी निजवणार म्हटलं होतं ना बाळाला यात? एक काय, दोन निजवते. धर."

दोघींनी पाळणा उचलला. पहिला मजला झाला. वन्सं पुढे, उलट्या पावलांनी चढत होत्या, डबलबेल खालून रेटत होती. डावीकडे, अगं तुझं डावं, लट्टू सांभाळ, भिंत बघा. सगळी इमारत कठड्याशी उभी राहून सूचना देत होती आणि एकाचीही सूचना दुसऱ्याशी जुळत नव्हती. वरून जुळ्यांचा सूर टिपेला पोचला होता. वळणावर वन्संचा श्वास फुलला.

"टेकव," त्या धापा टाकत म्हणाल्या. "जरा टेकव इथं."

डबलबेलनं टप्प्याकडे बघितलं, कट्ट्याकडे बघितलं, स्वतःच्या कमरेला चाचपलं. रुमाल नव्हता.

"इथं नाही वन्सं," ती म्हणाली आणि तिनं खालून जोर लावला. "अजिबात इथं नाही. चला पुढे, पुढे सरका."